न मोजलेला रुपया

१९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेला एक अर्ज वरकरणी अगदी साधा होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये दुरुस्ती करून राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा हवी होती. एका भागधारकाने त्याला हरकत घेतली. कायद्यात अशा देणग्यांना मनाई नव्हती, त्यामुळे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांना कंपनीच्या बाजूनेच निकाल द्यावा लागला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गरीब असो वा श्रीमंत, प्रत्येकाला एकच मत देणाऱ्या लोकशाहीत मोठ्या कंपन्यांच्या थैल्या पक्षांसाठी मोकळ्या झाल्या, तर हा धोका वाढत जाईल आणि एके दिवशी लोकशाहीचाच गळा आवळेल, अशा आशयाचा इशारा त्यांनी संसदेला दिला. स्वतंत्र भारतात तोवर फक्त दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोख्यांची योजना एकमताने रद्द केली. या दोन निकालांमध्ये सदुसष्ट वर्षांचे अंतर आहे. या काळात कायदे झाले, दुरुस्त्या झाल्या, समित्या बसल्या, अहवाल आले. तो सगळा इतिहास सलग वाचला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपण उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातली, पक्षाच्या खर्चाला कधीच घातली नाही. न्यायालयाने ही फट बुजवायचा प्रयत्न केला, तेव्हा संसदेने ती पुन्हा उघडली, आणि हिशेब टाळण्यावर अनेकदा सत्ताधारी व विरोधक यांचे एकमत होते. निवडणुका महाग झाल्या म्हणून आपण हळहळतो, पण त्या आपोआप महाग झालेल्या नाहीत. कायद्यातली एक जागा जाणूनबुजून मोकळी ठेवली गेली आणि पैसा तिथून वाहत राहिला.

खर्चाला मर्यादा घालण्याची कल्पना आपल्याकडे ब्रिटनमधून आली. १८८० च्या निवडणुकीत तिथे मते विकत घेण्याचे प्रकार इतके बोकाळले की १८८३ साली पार्लमेंटने भ्रष्ट व बेकायदा निवडणूक व्यवहारांविरुद्ध कडक कायदा केला. उमेदवाराने किती खर्च करायचा हे मतदारसंघातल्या मतदारांच्या संख्येवरून ठरू लागले. पैसे अधिकृत प्रतिनिधीमार्फतच द्यायचे आणि निकालानंतर हिशेब सादर करायचा, असा दंडक आला. पुढच्या काही दशकांत ब्रिटनमधली उघड मतखरेदी बऱ्याच अंशी थांबली. भारतात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या निवडणुकांसाठी १९२० साली दंडसंहितेत निवडणूक गुन्ह्यांचे प्रकरण घालण्यात आले. लाच आणि गैरवाजवी दबाव यांबरोबरच खर्चाचा हिशेब न ठेवणे हाही त्यात गुन्हा ठरला.

स्वातंत्र्यानंतर १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कायदामंत्री म्हणून संसदेत मांडला. त्यातली रचना ब्रिटनच्या कायद्याला जवळची होती. उमेदवाराने हिशेब ठेवायचा, मर्यादेत राहायचे. मर्यादा ओलांडली तर तो भ्रष्ट व्यवहार ठरून निवडणूक रद्द होऊ शकते. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या एका जागेसाठी बहुतेक राज्यांत ही मर्यादा २५ हजार रुपये होती. तेव्हा देशात सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते. म्हणजे लोकसभेच्या एका जागेमागे ढोबळमानाने साडेतीन लाख मतदार आणि दर मतदारामागे सुमारे सात पैसे. भिंती रंगवायच्या, मतदारचिठ्ठ्या वाटायच्या, दोन-चार मोठ्या सभा घ्यायच्या आणि उरलेले काम कार्यकर्त्यांनी सायकलवरून करायचे, अशा काळातली ही रक्कम. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातली निवडणूक ही उमेदवार आणि त्याचा मतदारसंघ यांच्यातली गोष्ट होती. देशभर एकाच चेहऱ्याच्या आणि एकाच घोषणेच्या जोरावर निवडणूक लढवणारा, शेकडो कोटींची तिजोरी बाळगणारा पक्ष त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

तो पक्ष पुढे उभा राहिला, आणि तिजोरी भरण्याचा मार्ग छगलांनी दाखवलेल्या दिशेनेच आला. १९६० साली संसदेने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंधन घातले. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के किंवा २५ हजार रुपये, यांतली जी रक्कम मोठी असेल तेवढीच देणगी देता येईल, आणि ती कोणाला दिली हे कंपनीच्या हिशेबात दाखवावे लागेल, असे ठरले. ही तरतूद अपुरी होती, पण तिच्यात नोंद होती. भागधारकाला, पत्रकाराला, विरोधकाला पैसा कुठून कुठे गेला हे शोधता येत होते.

१९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे बहुमत घटले, आठ-नऊ राज्यांत सत्ता गेली. दक्षिण मुंबईत काँग्रेसचे वजनदार नेते स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवले. पाटील हे पक्षासाठी निधी उभा करण्यात मुरलेले नेते होते, त्यामुळे पैशापुढे कार्यकर्ता जिंकू शकतो याचे उदाहरण म्हणून महाराष्ट्रात या लढतीची आठवण पुढे कित्येक वर्षे सांगितली गेली. याच काळात स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्याकडेही उद्योगांच्या देणग्या वळू लागल्या होत्या. १९६९ साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर सरसकट बंदी आली. बंदीमागे तत्त्व होते तसा राजकीय हिशेबही होता. पण देणगी बंद करताना पक्षांनी निवडणूक कशावर लढवायची याचे उत्तर कायद्याने दिले नाही. सरकारी मदत नाही, लहान वर्गणीला उत्तेजन नाही. परवाने आणि कोटे सरकारच्या हाती होते, उद्योगांना सरकारची गरज होती आणि पक्षांना पैशाची. व्यवहार थांबला नाही, तो चेकवरून रोखीवर गेला. सोळा वर्षांनी, १९८५ मध्ये, ५ टक्क्यांच्या मर्यादेत देणग्यांना पुन्हा परवानगी मिळाली, पण तोवर रोखीची सवय राजकारणाच्या हाडीमाशी खिळली होती.

या इतिहासातले सर्वांत निर्णायक वर्ष मात्र १९७४ आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीतल्या सदर मतदारसंघातून काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी याचिका केली. चावलांच्या प्रचारासाठी पक्षाने आणि इतरांनी केलेला खर्च धरला तर मर्यादा ओलांडली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि निवडणूक रद्द ठरवली. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून खर्च केला काय किंवा त्याच्यासाठी पक्षाने केला काय, मतदारावर होणारा परिणाम तोच. पक्षाचा खर्च बाहेर ठेवला तर मर्यादेला अर्थ उरत नाही, आणि ज्याच्यामागे श्रीमंत पक्ष आहे तो उमेदवार नेहमीच वरचढ ठरतो.

हा निकाल टिकला असता, तर आज आपली लोकशाही वेगळी दिसली असती असे माझे ठाम मत आहे. पण तीन आठवड्यांच्या आत केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याचा कायदा झाला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडले गेले: पक्षाने किंवा उमेदवाराव्यतिरिक्त कोणीही केलेला खर्च हा उमेदवाराचा खर्च धरला जाणार नाही. या एका वाक्याने मर्यादा कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात संपली. उमेदवाराने आपल्या नावावर हजार रुपये दाखवायचे आणि त्याच मतदारसंघात त्याच्यासाठी पक्षाने, मित्रमंडळाने, हितचिंतकाने लाखो रुपये ओतायचे, हे कायदेशीर झाले.

त्याच सुमारास जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आणि रॉयवादी विचारवंत. तारकुंडे समितीने १९७५ च्या अहवालात सांगितले की पक्षांनी हिशेब ठेवले पाहिजेत, त्यांची तपासणी झाली पाहिजे आणि ते लोकांना पाहता आले पाहिजेत. आणीबाणी आली आणि अहवाल बाजूला पडला. जनता पक्षाच्या काळात पक्षांच्या उत्पन्नाला प्राप्तिकरातून सूट देणारी तरतूद झाली. त्यासाठी हिशेब ठेवून तपासून घेण्याची अट होती. सवलत सगळ्यांनी घेतली, अट कित्येक पक्षांनी वर्षानुवर्षे पाळली नाही. १९९६ साली ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या बेफिकिरीवर कडक ताशेरे ओढले.

मधल्या काळात कलम ७७ च्या या स्पष्टीकरणाची वैधताही तपासली गेली. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ते घटनाबाह्य ठरवले नाही. त्यात बदल करायचा तर तो संसदेने करावा, अशी भूमिका घेतली. पुढच्या दशकात या कायद्याचे वास्तव आपल्याच राज्यातून न्यायालयापुढे आले. १९९१ च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीत यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात झालेली लढत याचिकेपर्यंत गेली. वाद मुख्यतः प्रचारातल्या आरोपांचा होता. तरी १९९३ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की या स्पष्टीकरणामुळे उमेदवारावरची खर्चमर्यादा ही निव्वळ धूळफेक ठरली आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याला धूळफेक म्हटले, आणि तरीही तो बदलायला आणखी दहा वर्षे लागली.

२००३ च्या दुरुस्तीने फट अरुंद झाली. एखाद्या उमेदवाराच्या नावाने, त्याचा फोटो लावून, त्याच्या मतदारसंघात पक्षाने केलेला खर्च आता त्याच्या हिशेबात धरला जातो. २० हजारांहून मोठ्या देणग्यांची यादी पक्षांनी निवडणूक आयोगाला द्यायची, हेही याच कायद्याने ठरले. पण दोन गोष्टी बाहेर राहिल्या. स्टार प्रचारकांचा प्रवास, मग तो हेलिकॉप्टरने असो वा खास विमानाने; आणि कोणा एका उमेदवाराचे नाव न घेता केलेला पक्षाचा सर्वसाधारण प्रचार. आजच्या निवडणुकीत खरा पैसा याच दोन ठिकाणी जातो. दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती, वर्तमानपत्रांची पहिली पाने, समाजमाध्यमांवरचा प्रचार, सर्वेक्षण कंपन्या, सल्लागार, कॉल सेंटर यांवर होणाऱ्या खर्चाला कोणतीही मर्यादा नाही.

आकड्यांकडे पाहा. २०१४ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने आयोगाला सुमारे ७१४ कोटी आणि काँग्रेसने सुमारे ५१६ कोटींचा खर्च दाखवला. २०१९ मध्ये ते आकडे अनुक्रमे १,२६४ आणि ८२० कोटींवर गेले. २०२४ मध्ये भाजपचा खर्च सुमारे १,४९४ कोटी आणि काँग्रेसचा सुमारे ६२० कोटी होता. हे आकडे लोकसभेसोबत झालेल्या विधानसभा निवडणुकांसह आहेत आणि पक्षाने उमेदवारांना दिलेली रक्कमही त्यात येते. आता दुसरी बाजू बघा. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची मर्यादा २०२२ पासून ९५ लाख आहे. एखाद्या पक्षाने सगळ्या ५४३ जागा लढवल्या आणि प्रत्येक उमेदवाराने मर्यादेपर्यंत खर्च केला, तरी एकूण रक्कम ५१६ कोटींच्या पुढे जात नाही. एकट्या भाजपने २०२४ मध्ये दाखवलेला खर्च त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. ज्या रकमेवर आपण निरीक्षक नेमतो, भरारी पथके फिरवतो, चहा आणि वडापावचे दरपत्रक लावतो, ती रक्कम एकूण खर्चाचा लहानसा भाग आहे.

हे झाले दाखवलेले आकडे. सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेने १९९८ च्या निवडणुकीचा एकूण खर्च सुमारे ९ हजार कोटी, २०१९ चा ५५ ते ६० हजार कोटी आणि २०२४ चा १ लाख ३५ हजार कोटींच्या घरात असल्याचा अंदाज मांडला. यात सगळे पक्ष, उमेदवार, सरकारी यंत्रणा असे सारे येते आणि हा अंदाजच आहे. तरी दाखवलेला आणि झालेला खर्च यांतली दरी किती मोठी आहे, याची कल्पना त्यातून येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाच्या यंत्रणेने रोख रक्कम, दारू, अमली पदार्थ, भेटवस्तू मिळून जवळजवळ १० हजार कोटींचा ऐवज पकडला, २०१९ च्या दुपटीहून जास्त. त्यात अमली पदार्थांचा वाटा सर्वांत मोठा होता. उमेदवार मात्र मर्यादेच्या आतच राहतात. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या विश्लेषणानुसार २०२४ च्या विजयी खासदारांनी दाखवलेला सरासरी खर्च मर्यादेच्या साठ टक्क्यांच्या आसपास होता.

महाराष्ट्रात हे गुपित नाही. २०१३ साली मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे यांनी, २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटींचा खर्च झाल्याचे सांगितले. त्या निवडणुकीत मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाने त्यांना नोटीस काढली. गावोगावच्या पारावर सगळे बोलतात तेच एका मोठ्या नेत्याने व्यासपीठावरून बोलून दाखवले होते. त्याच वर्षीच्या, म्हणजे २००९ च्या, विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यातून ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची, चर्चा देशभर गेली. पी. साईनाथ यांनी तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयी वृत्तपत्रांत आलेल्या पानभर मजकुराचे वास्तव मांडले. या प्रकरणात मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्वाळा दिला: उमेदवाराने हिशेब दिला एवढे पुरेसे नाही, तो खरा आहे का हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. पुढे आयोगाने चव्हाणांविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. पण तत्त्व कायम राहिले. खोट्या हिशेबासाठी आयोगाने अपात्र ठरवलेल्या पहिल्या आमदार उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या उमलेश यादव, २०११ मध्ये. इतक्या वर्षांत अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, कारण आपण शिक्षा उमेदवाराला देतो आणि पैसा पक्षातून येतो.

हा पैसा शेवटी कोण भरतो? अर्थतज्ज्ञ संदीप सुखटणकर यांनी महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा अभ्यास केला. ज्या कारखान्यांचे अध्यक्ष निवडणुकीच्या रिंगणात होते, त्या कारखान्यांनी निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला उसाचा भाव कमी दिला, असे त्यांना आढळले. फरक टनामागे थोड्या रुपयांचा दिसतो, पण एका हंगामात लाखो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात ती रक्कम मोठी होते. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी सिमेंटचा खप तपासला. निवडणुकीच्या महिन्यांत तो घसरतो, कारण बांधकाम व्यावसायिकांचा पैसा त्या वेळी दुसरीकडे गेलेला असतो. ऊसउत्पादकाच्या बिलातून, घर घेणाऱ्याच्या हप्त्यातून, ठेकेदाराच्या निकृष्ट रस्त्यातून ही वसुली होते. निवडणूक महाग झाली याचा अर्थ कोणीतरी उदार झाला असा नाही. गुंतवणूक झाली आहे, आणि गुंतवणूकदार परतावा मागतो.

खर्चाची ही पातळी खाली झिरपते तेव्हा काय होते, तेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्यातली बोली दोन कोटींच्या पुढे गेली, आणि पैसा मंदिरासाठी आहे असे सांगण्यात आले. गावाच्या कारभाराची किंमत उघड बोलीत ठरू शकते, हे जर लोकांना स्वाभाविक वाटू लागले असेल, तर ते आपण वरच्या पातळीवर दिलेल्या धड्याचे फळ आहे. लोकसभेत कोट्यधीश खासदारांचे प्रमाण २००४ साली ३० टक्के होते, २०२४ साली ते ९३ टक्क्यांवर गेले. पैसेवाल्या माणसाने निवडणूक लढवू नये असे कोणी म्हणणार नाही. पण उमेदवारी मागणाऱ्या माणसाला त्याच्या कामाआधी ‘खर्चाचे काय?’ असे विचारले जाते, तेव्हा शिक्षक, शेतमजूर, अंगणवाडी सेविका, गिरणी कामगाराची लेक यांच्यासाठी विधानसभेचे दार बंद होते. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख दाखवतात की साधेपणाने, कार्यकर्त्यांच्या बळावर आयुष्यभर जिंकता येते. परंतु अपवाद कितीही उजळ असला तरी व्यवस्था त्याच्या भरवशावर चालवता येत नाही.

हे सगळे दिसत असतानाही पारदर्शकतेच्या प्रयत्नांविरुद्ध पक्ष एकत्र आले. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत आणले. एकानेही तो आदेश पाळला नाही. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोघांनी परदेशी देणग्यांविषयीचा कायदा मोडल्याचे सांगितले. त्यावर कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला, आधी २०१६ च्या वित्त विधेयकातून आणि मग २०१८ च्या, थेट १९७६ पर्यंत मागे जाऊन. ज्या दोन पक्षांचे एकाही धोरणावर एकमत होत नाही, त्यांचे इथे झाले.

२०१७ ची दुरुस्ती या मालिकेतली सर्वांत धाडसी होती. २०१३ च्या कंपनी कायद्याने देणगीची मर्यादा नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर नेली होती. २०१७ मध्ये ती मर्यादाच काढून टाकली. कोणत्या पक्षाला देणगी दिली हे कंपनीच्या हिशेबात दाखवण्याची अटही काढली. म्हणजे १९६० साली जी नोंद आवश्यक मानली गेली होती, ती सत्तावन्न वर्षांनी गेली. तोट्यातली कंपनीसुद्धा कितीही पैसा देऊ शकत होती आणि मतदाराला काही कळणार नव्हते. देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवणाऱ्या निवडणूक रोख्यांचा मार्गही याच दुरुस्तीने मोकळा झाला, आणि पुढे ३० टप्प्यांत १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तपशिलात एप्रिल २०१९ पासूनच्या सुमारे १२ हजार कोटींच्या रोख्यांपैकी भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६१० कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४२२ कोटी मिळाल्याचे दिसले. देणाऱ्यांत सर्वांत वरचे नाव एका लॉटरी कंपनीचे होते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मतदाराचा माहितीचा हक्क वरचढ मानला आणि कंपनी कायद्यातली मर्यादाही परत आणली. पण खर्चाचा प्रश्न त्या निकालाच्या कक्षेत नव्हता. पैसा कुठून येतो यावर थोडा उजेड पडला, किती खर्च करायचा यावर आजही बंधन नाही.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. लोकशाहीत मतदारापर्यंत पोहोचायला पैसा लागतोच. आज एका लोकसभा मतदारसंघात सरासरी अठरा लाख मतदार आहेत, आणि ९५ लाखांची मर्यादा म्हणजे मतदारामागे सव्वापाच रुपये. एवढ्यात प्रामाणिक उमेदवारानेही सगळ्यांपर्यंत कसे पोहोचावे? आक्षेपात तथ्य आहे. अवास्तव मर्यादा माणसाला खोटे बोलायला भाग पाडते, आणि ज्याची सुरुवातच खोट्या हिशेबाने होते त्याच्याकडून पुढची पाच वर्षे खरेपणाची अपेक्षा करणे कठीण. म्हणून उमेदवाराची मर्यादा मतदारसंख्येशी आणि महागाईशी जोडून ठरवावी आणि दर निवडणुकीआधी ती आपोआप बदलावी. पण हा आक्षेप पक्षाच्या अमर्याद खर्चाचे समर्थन करत नाही. ब्रिटनने २००० साली राष्ट्रीय पातळीवरच्या पक्षखर्चालाही मर्यादा घातली, ती लढवलेल्या जागांच्या संख्येशी जोडली. तिथले पक्ष मोडले नाहीत, निवडणुका होतच आहेत.

काय करायचे हे नव्याने शोधण्याची गरज नाही. पक्षाच्या एकूण प्रचारखर्चाला लढवलेल्या जागांच्या प्रमाणात मर्यादा घालावी आणि तिसऱ्या व्यक्तीने पक्षासाठी केलेला खर्च त्यात धरावा. मर्यादा मोडली तर दंड पक्षाच्या खात्यातून वसूल व्हावा आणि प्राप्तिकराची सवलत जावी. २० हजारांखालच्या देणग्यांच्या आड मोठा निधी लपू नये म्हणून अशा देणग्यांचा एकूण वाटा ठरवून द्यावा. कंपनीची देणगी संचालक मंडळाने नव्हे, भागधारकांच्या वार्षिक सभेने मंजूर करावी, अशी शिफारस मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेल्या ए. पी. शहा यांच्या विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात केली आहे. त्याआधी १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने पक्षांना रोख नव्हे, वस्तुरूपाने सरकारी मदत द्यावी असे सुचवले होते. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर वेळ, टपालाची सोय, सभांसाठी मैदाने, मतदारचिठ्ठ्या एवढे समान मिळाले तरी लहान पक्षाला आणि अपक्षाला उभे राहता येईल. आणि पक्षांचे हिशेब निवडणूक आयोगाने नेमलेल्या स्वतंत्र लेखापरीक्षकाने तपासावेत. लोकसभेनंतर ९० दिवसांनी आणि विधानसभेनंतर ७५ दिवसांनी येणारा हिशेब मतदानानंतरचा असतो. मतदानापूर्वी दर आठवड्याला तो संकेतस्थळावर यायला हवा, म्हणजे मतदाराला तो वाचून मत देता येईल.

संसद हे स्वतःहून करेल, असे मागच्या सात दशकांचा अनुभव सांगत नाही. १९७४, २०१३ आणि २०१७ या तिन्ही वळणांवर पक्षांनी आपले हित निवडले. म्हणून हा आग्रह बाहेरून यावा लागेल. ज्या राज्याने तारकुंड्यांसारखा न्यायमूर्ती दिला, माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारे यांच्यामागे उभे राहून लढा दिला, त्या राज्याने ही मागणी उचलून धरायला हवी. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आणि प्रत्येक पक्षाला एकच प्रश्न विचारू या: तुमच्या पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालणाऱ्या कायद्याला तुम्ही पाठिंबा देणार का? जो पक्ष हो म्हणेल त्याचे उत्तर लिहून घेऊ, आणि जो टाळेल त्याचेही. पक्षाच्या रुपयाची मोजणी जोवर होत नाही, तोवर मतदाराच्या एका मताची किंमत त्या रुपयापेक्षा कमीच राहील, आणि ती तशी राहू देणे आपल्याला परवडणारे नाही.